टाकसाळीची चूक

उभ्या मुंबईत नाण्याला थाप मारू न देणारा माणूस एकच, आमचे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिवसभर परळच्या एका गिरणीत कापडातले दोष हुडकायचे आणि घरी आल्यावर, चहाच्याही आधी, खिशातली मोड तपासायची, हा त्यांचा नेम. नवे पैसे नुकते चालू झाले होते. वाकडंतिकडं नाणं मिळालं की टाकसाळीची चूक असेल, चांगली किंमत येईल, या आशेने अख्खी चाळ त्यांच्या दारात. भाऊजी भिंग लावत. "टाकसाळीत चुकलं तर अक्षर अर्धं असेल, पण उभं असेल. मागाहून मार बसला की ते चेपतं." बहुतेक मंडळी हिरमुसून परतत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून एक शेजारी खिशातलं वाकलेलं नाणं घेऊन आला, त्याला म्हणाले, "ही लाठीची खूण. देव्हाऱ्यात ठेव, पण टाकसाळीला बोल लावू नकोस." मी एकदा ट्रामच्या रुळावर पैसा चेपटून नेला, तर भिंग न उचलताच विचारलं, "दादरला जाणारी ट्राम, की येणारी?"

अशा माणसाने आगपेटीत, कापसावर, एकच नवा पैसा जपला होता. टाकसाळीची अस्सल चूक! लग्नानंतर वर्षभरात तो ताईला सापडलेला. पाहुणा आला की ती आधी आगपेटी दाखवी, मग पाणी विचारी.

एका रविवारी तो पैसा मी भिंगाखाली धरला. अक्षरं साफ चेपलेली! मला स्वर्ग दोन बोटं उरला. "भाऊजी, हासुद्धा ट्रामखालचाच!"

भाऊजींनी दचकून मोरीकडे पाहिलं. ताई भांडी घासत होती.

"हळू बोल की रे! पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. पण भाजीची पिशवी मंडईत विसरून ती दादरहून धावत आली होती हे दाखवायला. धाप लागलेली, तोंडभर हसू. तिला काय सांगणार?"

"मग?"

"मग काय? पिठलं खाल्लं."

भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. परवा ताईने माझ्या नव्या सुनेपुढे तीच आगपेटी उघडली. "ह्यांनी जन्मात कुणाची भीड धरली नाही हो, पण माझं नाणं पास केलं," म्हणाली. मला भाऊजींची फार आठवण आली. सुनेने कौतुकाने भिंग मागितलं. ते सापडत नाही, असं मी सांगितलं. ते माझ्या खिशात होतं.