पहिला घाव मालकाचा

"आधी तू मार," असं म्हणून तो हातोडा समोरच्याच्या हातात द्यायचा. गाडी कुठलीही असो, ती कापायची किंवा ठोकायची झाली की पहिला घाव मालकाने घालायचा, हा त्याच्या गॅरेजचा कायदा होता. मालक चाचरला तर शिवी. तरीही चाचरला तर गाडी ढकलत थेट रस्त्यावर.

पनवेलला जुन्या हमरस्त्यालगत त्याचं पत्र्याचं शेड होतं. न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर दारावरून गेले की सगळं शेड थरथरायचं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याला ते आवडणार नाही, आणि त्याला न आवडणारी एक गोष्ट मी आधीच करून बसलो आहे, तेवढी पुरे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा हात तोंडाच्या आधी चालतो. चुकीचा पाना दिला म्हणून तो कारागिराच्या पाठीत बुक्की घालायचा. एका ट्रकवाल्याने दारात गाडी आडवी लावली, तर त्याला केबिनमधून ओढून काढून चिखलात लोळवून बदडलं. मग त्याच्याच फाटक्या ओठाला हळद लावत त्याला अर्धा तास बसवून ठेवलं, जेवायलाही घातलं. शेडमध्येच काम करणाऱ्या मेव्हण्याचा एक दात त्याने पाडला होता आणि तो मेव्हणा फट दाखवत ती हकीकत कौतुकाने सांगायचा. मला त्याची भीती वाटायची आणि तरी कोर्ट सुटलं की मी तिथेच जाऊन बसायचो. घरी कोणी माझ्याशी इतकं मोकळं बोलत नसे.

तो उरणकडच्या गावातला. गावची जमीन सात जणांच्या वाट्याची होती आणि काकाने ती एकट्याने विकून टाकली. "आमाला कोनाला इचारलं नाय. अंगठा दिला नि मोकला झाला. आता गोदाम हाय तिथं." ज्या हाताने अंगठा दिला तो काकाचा हात याने मनगटातून मोडला आणि त्यासाठी तुरुंगातही जाऊन आला. हे सांगताना तो पत्रा ठोकत होता आणि ठोकणं थांबलं नव्हतं. म्हणूनच हातोडा देण्याआधी तो प्रत्येक मालकाला एक प्रश्न विचारायचा, "आनखी कोन वाटेकरी?" वाटेकरी असेल तर त्यानेही येऊन घाव घालायचा. एकाच्या शब्दावर तो पत्र्याला हात लावत नसे.

आता माझं सांगतो. मी कोर्टाबाहेर टंकलेखन करतो. प्रतिज्ञापत्रं, वारसांची संमतिपत्रं. 'सर्व वारसांच्या पूर्ण संमतीने' ही ओळ माझी बोटं झोपेतही उमटवतील.

बाबांची जुनी गाडी माझ्या दारात असायची. गोल नाकाची, क्रोमच्या जाळीची. बाबांनी हौसेने तिच्यात मोठं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं, रेडिएटर मात्र मूळचाच चिमुकला ठेवला. त्यामुळे घाट चढायला लागलं की पाणी उकळायचं. बाबा गेल्यावर मी तिला तीनदा घाटात घेऊन गेलो आणि तीनदा दोरीने बांधून खाली आणली. मोठा रेडिएटर हवा होता, पण तो बसायला नाकाच्या आत जागा नव्हती.

खारघरला राहणारा माझा मोठा भाऊ, दादा, याच्याशी मी एकदा गाडीचं नाक कापून जागा करण्याचं बोलून पाहिलं होतं. "चालली नाही तरी चालेल," तो म्हणाला, "पण बाबांच्या गाडीच्या तोंडाला कोणी हात लावायचा नाही." दादा बँकेत अधिकारी. आयुष्यात त्याने कोणाला चापट मारलेली मी पाहिली नव्हती. मी विषय सोडला आणि गाडी गॅरेजमध्ये नेली.

गॅरेजवाल्याने जीपचा एक रेडिएटर आणून नाकासमोर धरला. जागेपेक्षा चार बोटं जास्त उंच, वीतभर जास्त रुंद. "रेडिएटर नाय कापत आपन. गाडी कापायची. जाळी पुढं घ्यायची, खालची आडवी पट्टी काढायची, नवी खाली सोडून मारायची. दिवे बाजूला सरकतील. तोंड जरा रुंद होईल, पन गाडी उकलनार नाय." मग हातोडा उचलून त्याने विचारलं, "आनखी कोन वाटेकरी?"

"कोणी नाही. मी एकटाच," मी म्हणालो. जीभ जराही अडखळली नाही.

मी पहिला घाव घातला तो इतका मवाळ, की त्याने माझ्या डोक्यात टपली मारली. "पत्र्याला कुरवालतो काय? मार!" मग मी मारलं. जाळीचा क्रोम तडकला, पुन्हा मारलं, दिव्याची काच फुटून पायाशी आली. मला मजा आली, हे लपवत नाही. बाबांनी दर दसऱ्याला पुसलेली ती जाळी ठोकून काढताना माझ्या तोंडाला पाणी सुटल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा काही कागदांसाठी माझ्या घरी आला. गाडी दिसली नाही. शेजाऱ्यांनी गॅरेजकडे बोट दाखवलं.

तो आला तेव्हा गाडीचं तोंड कापून झालं होतं. जाळी, दिवे, कापलेली पट्टी, सगळं जमिनीवर पडलेलं. गॅरेजवाला इंजिनापाशी वाकून माप घेत होता. दादाने ती पट्टी उचलली. मी "दादा" एवढंच म्हणालो. त्या हाकेने हा मान वर करून बघायला गेला आणि कापलेली धार त्याच्या डाव्या डोळ्यात बसली. दादा थांबला नाही. खांद्यावर, मानेवर, आणखी दोनदा. पट्टीला रक्त लागलं, कापलेल्या पत्र्यावर उडालं.

तो उभा राहिला. एका हाताने डोळा दाबलेला, बोटांमधून रक्त. दुसऱ्या हातात हातोडा. आता खून पडणार हे शेडमधल्या सगळ्यांना कळलं होतं. मेव्हणासुद्धा मागे सरकला.

"कोन तू?" त्याने विचारलं.

"माझ्या बापाची गाडी आहे ही!" दादा किंचाळला.

तो माझ्याकडे वळला. एकाच डोळ्याने मला पाहिलं. मग हातोडा खाली ठेवला, टायरवर बसला आणि दादाला म्हणाला, "मग तुजा घाव राह्यला व्हता."

इस्पितळात हवालदार आला. "काम करताना पत्रा उडाला," याने सांगितलं. दादा रडत म्हणाला, "नाही साहेब, मी मारलं." हवालदार वैतागला, "दोघं मिळून एक काय ते ठरवा." तेव्हा याने पलंगावरूनच दादाच्या छातीत गुद्दा हाणला. "गप ए! डोला माजा हाय का तुजा?" दादा कळवळला आणि रडता रडता हसला. मी पायाशी उभा होतो. मला तो काहीच बोलला नाही.

डोळा गेला. एका डोळ्याने अंतर कळत नाही. घाव वीतभर बाजूला पडू लागला. दादा दर रविवारी यायचा आणि पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरून बसायचा. हातोडा कितीदा तरी त्याच्या अंगठ्यावर पडला. "हात काढता येत नाय तुला, गाढवा?" असं ओरडून तो वर टपलीही मारायचा. काळं पडलेलं नख दादा बँकेत सगळ्यांना दाखवायचा. दोन महिन्यांनी रेडिएटर बसला आणि गाडी घाट चढून गेली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मी चालवत होतो, दादा शेजारी, तो मागे. त्या दोघांचीच बाचाबाची चालली होती, वळणावळणाला.

रस्ता रुंद झाला तेव्हा शेड गेलं. आता तिथे दुभाजक आहे. तो गावी राहायला गेला; पत्र्याचं काम सोडलं. दादा अजून दर रविवारी उरणला जातो.

गेल्या महिन्यात मीही गेलो. दादा दिसताच त्याने दारातूनच शिवी घातली, "ही येल काय रे यायची?" आणि पाठीत असा रट्टा घातला की दादाच्या हातातली पिशवी खाली पडली. मग मी पुढे झालो.

"मलाही एक मारा," मी म्हणालो. "वाटेल तेवढं मारा. खोटं मी बोललो होतो."

नीट दिसावं म्हणून त्याला पूर्ण मान वळवावी लागते. तशी वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आत गेला, प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला, खांद्यावरच्या टॉवेलने ती पुसली.

"बसा साहेब," तो म्हणाला. "उनातून आलात. पानी आनतो."