ह्यांचा जुना चेहरा

लकवा मारला आणि ह्यांच्या तोंडी एकच शब्द राहिला, 'हव'. छत्तीसगढीतला होकार. रेल्वेच्या नोकरीत आमचं आयुष्य रायपूरला गेलं, घरात नागपुरी मराठी बोललो. पण राहिला तो हा शब्द. जेवता का, हव. दुखतं का, हव. खरं काय ते मी डोळ्यांवरून ओळखायची.

मुलगी सिंगापूरला असते. तिचं बाळंतपण जवळ आलं, तेव्हा ह्यांना कसं न्यावं याचा मला घोर लागला. पासपोर्ट तपासणाऱ्याने काही विचारलं तर? मुलगी फोनवर म्हणाली, "आई, काहून घाबरून राहिली? बाबा बरे होते तेव्हाच मी मोबाइलवरून विमानतळावरच्या मशीनच्या गेटासाठी तुमचा अर्ज भरला होता. दिल्लीत ठसे, फोटो घेतले होते ना? आता त्या गेटातून जायचं. कोणी काही विचारत नाही."

दिल्लीच्या विमानतळावर त्या गेटात मी पुढे झाले. पासपोर्ट टेकवला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, काच सरकली. मी पलीकडे. मागून हे आले. लाल दिवा लागला. पुन्हा लाल. मशीनजवळ होता तो लकव्याच्या आधीचा चेहरा. आता उजवी बाजू ओघळलेली.

मी वळले, तर शिपायाने हात आडवा केला. "माताजी, वापस नहीं जा सकते."

एक तरुण अधिकारी ह्यांच्याजवळ आला. "बाबूजी, नाम बताइए."

"हव."

"कहाँ जा रहे हैं?"

"हव."

मागे कुणीतरी हसलं. ह्यांची मान खाली गेली. सगळ्या ऑफिसात ज्यांचा आवाज घुमायचा, त्यांना असं उभं राहिलेलं मला पाहवेना. मी काचेपलीकडून म्हटलं, "भैया, लकवा मारा है इनको. बोल नहीं पाते."

त्याने पासपोर्टातला फोटो पाहिला, मग ह्यांच्याकडे. आवाज खाली आणला. हात धरून साध्या खिडकीपाशी नेलं, खुर्ची दिली, मलाही बोलावून घेतलं. विचारेल ते मी सांगत गेले. शिक्का बसेपर्यंत हे जमिनीकडेच बघत होते.

विमानात मी म्हटलं, "मशीनले काय कळते?" ह्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

नात झाली. ती थोडी मोठी झाल्यावर एके दुपारी मुलगी मोबाइल घेऊन ह्यांच्यासमोर बसली. "बाबा, नव्या फोटोसाठी अर्ज करू. मग त्रास नाही होणार." ह्यांनी तिचा हात हळूच खाली दाबला. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

परतताना दिल्लीत साध्या खिडकीची रांग लांब होती. ह्यांनी मला खूण केली, तू त्या गेटाने जा. मी त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि रांगेत त्यांच्यामागे उभी राहिले.