ठिपके काढायचं काम

पर्वत पाटियाजवळच्या एका स्टुडिओत मी साड्यांचे प्रिंट तयार करते. चित्र मी काढत नाही. आलेलं चित्र साफ करायचं आणि त्याच्या कडा अशा जोडायच्या की कापडावर सांधा दिसू नये, एवढंच माझं काम. दिवसभर फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ते मला आवडतं.

दिवाळीनंतर शेठनी खोल अंतराळाचा एक फोटो दिला. संक्रांतीसाठी महाराष्ट्रातले व्यापारी काळ्या साड्या मागतात, आणि यंदा काळ्यावर काहीतरी नवीन हवं होतं. फोटोत दाट काळोख होता आणि त्यात पांढरे, तांबूस, निळसर ठिपके विखुरलेले होते.

"बेन, झीणां टपकां काढी नाखजो," शेठ गुजरातीत म्हणाले. "घराक कहेशे, माल डागवाळो छे."

बारीक ठिपके काढायचे, हे मला सांगायला नको होतं. कापडावर एकटाच पांढरा ठिपका दिसला की गिऱ्हाईक त्याला डाग समजतं आणि साडी परत येते. मी चित्र मोठं केलं आणि एकेक ठिपका पुसायला लागले. शेजारचा काळा रंग उचलायचा, ठिपक्यावर ठेवायचा.

दुपारी डबा खाताना फोटोखालच्या इंग्रजी ओळी वाचल्या. यातला जवळजवळ प्रत्येक ठिपका म्हणजे एकेक आकाशगंगा आहे, असं तिथे लिहिलं होतं. तिथून निघालेला उजेड इतक्या लांबून आलाय की त्यातलं काय अजून शिल्लक असेल, ते सांगता येत नाही.

डबा तसाच बाजूला ठेवला. मी चित्र आणखी मोठं केलं. जिथे नुसतं काळं वाटलं होतं तिथेही फिकट ठिपके निघाले, त्यांच्या मागे आणखी फिकट. विहिरीच्या काठावरून खाली वाकून बघितल्यासारखं वाटलं. सुंदर होतं, हे मला कळत होतं. पण सकाळपासून मी किती पुसले होते, ते आठवून भीती वाटली.

या भीतीला घरचं कारणही होतं. वहिनीला पुन्हा दिवस गेले होते.

लिंबायतच्या आमच्या घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच. बँकेचा मेसेज, औषधाची बाटली, गॅसवाल्याचा फोन, सगळं माझ्याकडे येतं. गेल्या वर्षी वहिनीबरोबर सोनोग्राफीलाही म्हणूनच मला पाठवलं होतं. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वहिनीला सोडून माझ्याकडे पाहिलं, "तुम्हाला इंग्लिश समजतं ना?" असं विचारलं आणि इंग्रजीत सांगितलं की ठोके नाहीत. टेबलावर पडलेली वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. ते वाक्य मराठीत मला करावं लागलं.

त्याआधीच्या तपासणीत मिळालेला फोटो अजून तिच्या कपाटात आहे. काळ्यात एक पांढरा ठिपका.

प्रिंटचा नमुना मी मोबाईलवर घरी दाखवला तेव्हा वहिनी खूश झाली.

"नणंदबाई, आभाळच नेसवता का मला?"

"दिवसांमा इतलं काळं कसाले?" आई म्हणाली.

"आई, संक्रांतले चालस ना!"

"चालस, पण लोक काय म्हणतीन?"

"लोक पतंगी उडावतीन. इथं कोण देखस आपले?" वहिनी हसली आणि माझ्याकडे वळली. "पण मला हीच पाहिजे हं. ठिपक्यांसकट."

मी मान डोलावली. मनात मात्र ते सगळं काळं तिच्या पोटावरून गुंडाळलेलं दिसलं.

तपासणीच्या दिवशी दादाची कामावर दिवसपाळी होती. आईने मलाच पुढे केलं. "तू जा. ते काय बोलतीन, आमले काय समजाव?" उधन्याच्या दवाखान्यात तीच खोली, तेच डॉक्टर. वहिनीने माझं मनगट धरलं. तिचा हात ओला होता. पडद्यावर करडी वाळू हलत होती, मध्ये काळी पोकळी. रोज ज्यात मी काम करते तसंच काळं. मी त्यात ठिपका शोधत होते. एक दिसला. पण असणं आणि जिवंत असणं यात फरक आहे, हे मला आता माहीत होतं.

डॉक्टरांनी यंत्र किंचित तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. मी जमिनीकडे बघायला लागले. त्यांची नजर माझ्याकडे वळू नये, एवढंच मला हवं होतं.

"जुओ बेन," डॉक्टर म्हणाले. वहिनीला म्हणाले, गुजरातीत. "आ धबके छे. जोयुं?"

मी वर पाहिलं. ठिपका उघडझाप करत होता. इतका घाईत की कुणीतरी मागे लागलंय असं वाटावं. वहिनीने माझं मनगट सोडलं नाही, उलट आणखी आवळलं. "अभी नाज़ुक है. पंद्रह दिन बाद फिर दिखाना," डॉक्टर हिंदीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उरलेले ठिपके पुसायला माझा हात चालेना. पुसलेलेही मूळ फोटोतून परत आणले आणि फाइल तशीच शेठना दाखवली.

"बेन, टपकां तो रही गयां!"

"डाग नथी," मी म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. "डिझाइन छे. रहेवा दो."

शेठनी चष्मा वर करून आधी पडद्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "एक सॅम्पल काढो, पछी जोईए."

ते सॅम्पल वहिनीने मागून घेतलंय. रात्री जेवण झालं की ते मांडीवर पसरून बसते आणि ठिपक्यांवरून बोट फिरवते. काल एका अगदी फिकट ठिपक्यावर थांबून तिने विचारलं, "हा आहे का गं अजून?"

"आहे," मी म्हणाले. खरं तर ते कुणालाच सांगता येत नाही.

मंगळवारी पुन्हा जायचंय. वहिनी डॉक्टरांच्या बोटाकडे बघेल, पडद्याकडे बघेल. मी त्यांच्या तोंडाकडे बघणार आहे, पहिला शब्द गुजरातीत येतो की इंग्रजीत, त्याकडे.