संघमित्राला माईक द्या

आमच्या तळवलीतल्या संघमित्राला धांदरट म्हणायची सोय आता राहिलेली नाही. ज्यांना अजूनही म्हणावंसं वाटतं त्यांनी तिच्या तोंडावर म्हणून बघावं. मी तिच्या समोरच्याच दारात राहते, त्यामुळे ती मजा मला फुकटात बघायला मिळेल.

तिचं दुखणं जुनं आहे. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. चौरंगावर ग्रंथ, त्यापुढे माईक, समोर पांढऱ्या साड्यांतल्या बायका. वाचायला मिळणं हा मान असतो. संघमित्रा आठवीत असताना तिला तो मिळाला. वाचता वाचता तिने अख्खं पान उडवलं, मग खिडकीवर आलेल्या खारीकडे बघत बसली, आणि शेवटी ग्रंथ तसाच सोडून खिडकीपाशी गेली. अध्यक्ष पोपटभाऊंनी माईक ओढून घेतला आणि त्याच माईकवरून सगळ्यांना ऐकवलं, "हिचं चित्तच थाऱ्यावर नाही. दुसरं कोणीतरी या."

त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही. ती मात्र दर वर्षावासात मागच्या भिंतीला टेकून ऐकायची आणि वाचणारा अडखळला की हिचे ओठ हलायचे. तिला एकदा, फक्त एकदा, तिथे बसून पुन्हा वाचायचं होतं.

आता ती पस्तिशीची आहे. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांच्या सांध्यांत बसणारी रबरी गॅस्केट तपासते. ऑर्डरची धावपळ असली की तिच्यासारखी कोणी नाही, आणि रिपोर्ट लिहायला बसवलं की दिवस मावळतो. स्कूटरची चावी स्कूटरलाच, दूध गॅसवर आणि बाई गच्चीत. जो तो सांगायचा, "जरा लक्ष दे गं." जणू काही ती लक्ष माळ्यावर ठेवून विसरली होती! कोणी तरी तिला ध्यानशिबिराला धाडलं. दुसऱ्याच दिवशी परत आली, तीही दुसऱ्याच कोणाच्या चपला घालून.

मग मोबाइलवर तिने एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराबद्दल, ऐकलं आणि ती हटूनच बसली, की मला याचा छडा लावायचाय. वाशीतल्या एका समुपदेशकाने हसून सांगितलं, "एम.कॉम. झालात, नोकरी करता, तुम्हाला कसला एडीएचडी? हल्ली रील बघून सगळ्यांनाच होतो." दुसरे म्हणाले, "लग्न झालं की स्थिरावाल." ती म्हणाली, "तुमचं झालंय ना? मग माझं नाव तीनतीनदा का विचारताय?" आणि उठून आली.

कोपरखैरण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या मानसोपचारतज्ज्ञ. म्हणाल्या, "हे मोठेपणी अचानक येत नाही. लहानपणी तुम्हाला जवळून बघितलेलं माणूस घेऊन या."

ते माणूस म्हणजे तिची आई, गिरजाबाई. जालन्याकडची, आमच्या महिला मंडळाची प्रमुख. "येड्यांच्या डॉक्टरकडं मी काहून येऊ?" म्हणत आठवडा काढला आणि मग एकदाची तयार झाली. खळ घातलेली पांढरी साडी नेसून, केस चापून बसवून. मीही सोबत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी एका जागी बसायची का?"

"बसवली तिथंच बसायची."

"वस्तू हरवायची?"

"पेन्सिल बी नाही हरवली कधी."

"अभ्यासाच्या मागे लागावं लागायचं?"

"कधीच नाही! न सांगता करायची."

मला वाटलं, ही शेजारणीच्या मुलीबद्दल बोलतेय. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. या माहितीवर एडीएचडी म्हणता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

गिरजाबाई बाहेर आली ती फुलूनच. "झाली न्हवं पास?"

तिचाही दोष कसा काढावा? टेबलामागच्या माणसाने लेकीबद्दल विचारलं की उणं काही सांगायचं नाही, हे तिला आयुष्याने शिकवलं होतं. शाळा, वसतिगृह, पहिली नोकरी, सगळं तिने असंच झगडून मिळवून दिलं होतं. इथेही तिला वाटलं, ॲडमिशनच आहे.

संघमित्रा जिन्यातच भडकली. "आई, तू मला पास नाही केलंस. काही झालंच नाही म्हणून घरी पाठवलंस. आता मी जन्मभर नुसती आळशी!"

"मग माझ्याच तोंडानं लेकराला येडी म्हणू? लोकं आधीच आपल्याला नावं ठेवायला टपलेली. त्यांच्या हातात आनखी दगड देऊ?"

"तो दगड मी आठवीपासून खातेय."

गिरजाबाई कठड्याला धरून उभी राहिली. मग पदराने तोंड पुसलं आणि नंबरबिंबर न बघता परत आत घुसली. "डॉक्टरबाई, मगाचं समदं खोडा," म्हणाली. आणि सगळं सांगितलं. हरवलेली दप्तरं, परीक्षेच्या दिवशी चुकलेला पेपर, ती खार. "माईक हिसकावला तवा मी पहिल्या रांगेत व्हते. मान खाली घालून बसले." डॉक्टर लिहीत राहिल्या.

पुढे तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली. पहिल्या गोळीने भूकच मेली, मग डोस बदलला. दर गुरुवारी जाई नावाच्या थेरपिस्टकडे जाणं सुरू झालं. दूध अजूनही उतू जातं, पण आता ती त्यावरून स्वतःला शिव्या देत नाही. वाचताना ओळ सुटते म्हणून जाईने ओळीखाली काहीतरी धरायला सांगितलं. हिने कारखान्यातली गॅस्केटची काळी पट्टी कापून आणली. गिरजाबाईची अट एकच होती, "घरात घे, भाईर बोलू नको." गोळ्या तांदळाच्या डब्यामागे असायच्या.

यंदाच्या वर्षावासात संघमित्रा कोणी न बोलावता उठली आणि ग्रंथापुढे जाऊन बसली. माईक जवळ ओढला.

"वाचायच्या आधी सांगते. मला एडीएचडी आहे. रोज गोळी घेते, थेरपिस्टकडे जाते. मी आळशी नव्हते आणि मला त्याची लाज नाही. ओळ सुटली तर मी थांबणार. तुम्हीही थांबायचं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. गिरजाबाई पहिल्या रांगेत ताठ बसली होती, तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

संघमित्रा वाचू लागली. आवाज सुरुवातीला कापरा, मग मोकळा. दुसऱ्या पानावर पट्टी घसरली आणि ती थांबली. विहारात खाकरण्याचे आवाज सुरू झाले. आता पार म्हाताऱ्या झालेल्या पोपटभाऊंचा हात सवयीने माईककडे गेला.

गिरजाबाई उभी राहिली. "पोपटभाऊ, हात मागं घ्या. माझ्या लेकीला ओळ सापडू द्या."

त्यांनी हात मागे घेतला. संघमित्राने पट्टी सरळ केली, ओळ शोधली, आणि जिथे थांबली होती तिथूनच पुढे वाचायला लागली.