अनामिकेचा टेका

डॉ. प्रभाकर उमाळकर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी तोंड उघडून बसले होते. दाढ ठणकत होती म्हणून धरमपेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात गेले होते. (आधी मी ‘डावी दाढ’ असे लिहिले होते. रोजनिशी काढून पाहिली तर उजवी निघाली. गौरवलेखात निदान दाढ तरी खरी असावी.) खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये दातांवर बसवायच्या काही कॅप होत्या आणि त्यांच्या रांगेत पितळेचे काहीतरी उभट, वर किंचित रुंद होत गेलेले. हे आता माझ्या तोंडात बसवणार, या कल्पनेने मी घाबरले. तोंडात कापूस असल्यामुळे नुसते बोट दाखवले. डॉक्टरांनी वाकून पाहिले.

“घाबरू नका, ते तुमचं नाही. ते इंजिनाचं धुराडं आहे. दातांच्या भट्टीत ओतलं म्हणून दातांसोबत आलं.”

दाढ वाचली. जाताना माझ्या कार्डावरचे नाव पाहून त्यांनी विचारले, “हे अक्षर तुमचं? इतकंच, पण तांदळाच्या दाण्याएवढं काढता येईल?” मी सदरमधल्या एका महाविद्यालयात गणित शिकवते. ब्रश हातात धरला नव्हता. तरी ‘हो’ म्हणाले, आणि घरी येईपर्यंत काहून हो म्हटले याची काळजी करत बसले. ती काळजी आजतागायत संपलेली नाही. त्यांच्या इंजिनांवरचे आकडे मी रंगवते.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नागपूरच्या छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेजवर, एके काळी जी वाफेची इंजिने धावली, त्यांच्या वीतभर लांबीच्या प्रतिकृती डॉक्टर घरी बनवतात. पितळेचा पत्रा कापायचा, डाग देऊन जोडायचा; धुराडे, घुमट, शिट्टी हे मेणात कोरून दाताच्या कॅपसारखे ओतायचे. पोटात छोटी मोटर असते आणि टेबलावर मांडलेल्या रुळांवरून इंजिन विजेवर चालते. लोक तयार इंजिनेही त्यांच्याकडे आणतात. अशा इंजिनांच्या हौशी लोकांचे आमचे एक मंडळ आहे; त्यातले बेसा भागातले हार्डवेअर दुकानदार गजूभाऊ यांनी एकदा परदेशी बनावटीचे कोरे इंजिन आणून दिले होते. “सर, आपल्या छोट्या लाईनचं करून द्या. कोनतं बी चालते, फक्त चमकलं पायजे.” डॉक्टरांनी निवृत्त ड्रायव्हर शोधले, त्यांच्याकडून त्या जातीच्या एका इंजिनाची हकिगत काढली, आणि चार महिन्यांनी परत दिले ते पाण्याच्या टाकीला ठिगळ मारलेले, उजवी पायरी वाकलेली, अंगावर काजळी.

“सर, मी नवं देल्लं होतं! तुम्ही जुनं करून वापस देऊन राहिले!”

“जुनं व्हायला त्याला पन्नास वर्षं लागली असती गा. मी चार महिन्यांत केलं. आभार मान.”

ते इंजिन आज गजूभाऊंच्या दुकानात काचेच्या कपाटात आहे. गिऱ्हाइकाला ते आधी ठिगळ दाखवतात.

डॉक्टरांकडून मी जे शिकले त्यातली एकच गोष्ट सांगायची झाली तर ती टेक्याची. दातांच्या डॉक्टरचा हात कधीही हवेत नसतो. अनामिका पेशंटच्याच शेजारच्या दातावर टेकलेली असते. पेशंट अचानक हलला तर हातही त्याच्यासोबत हलतो आणि हत्यार गालात घुसत नाही. इंजिनावर काम करतानाही त्यांचा तोच नियम. मी पहिल्यांदा आकडा रंगवायला बसले तेव्हा त्यांनी ब्रश काढून घेतला होता. “हात हवेत आहे. टेका कुठाय?” हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे, आणि मी ते वर्गात मुलांनाही ऐकवते. भूमितीत त्याचा काय उपयोग, ते विचारू नये.

काही वर्षांपूर्वी त्यांनी दवाखाना बंद केला. तो कसा केला हे लिहावे की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. डॉक्टरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने नम्रपणे सुचवले होते की आजाराबिजाराचे नको, प्रसंग आनंदाचा आहे. लपवले तर लेख खोटा होतो आणि लिहिले तर एका माणसाची अडचण चारचौघांत उघडी पडते. शेवटी डॉक्टरांनाच विचारले. ते हसले. “लिही ना. हात सगळ्यांना दिसूनच राहिला आहे. लेखात नसला तर लोक म्हणतील, ही पोरगी नीट पाहत नाही.”

तर लिहिते. त्या दिवशी खुर्चीत पेशंट होता, डॉक्टरांनी हत्यार उचलले आणि टोक किंचित थरथरताना त्यांना दिसले. पेशंटला काहीच दिसले नव्हते. डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवले आणि म्हणाले, “आज माझा हात माझ्या ऐकण्यात नाही. तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरकडे नेतो.” पेशंट वैतागला. “आता? तोंड उघडून बसलो ना मी!” डॉक्टरांनी त्याला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून सदरला एका तरुण डॉक्टरकडे नेले, त्याचे काम होईपर्यंत बाहेर बाकावर बसले आणि घरी सोडून आले. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही तोंडात हत्यार घातले नाही.

इंजिनांचे काम मात्र चालू राहिले, कारण इंजिनाला दुखत नाही. पण कंप वाढत गेला, आणि गेली दोन वर्षे एकच इंजिन टेबलावर आहे. काकूंचे, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीचे, माहेर सौंसरकडचे. लग्न होऊन त्या छोट्या लाईनच्या गाडीने नागपूरला आल्या, त्या गाडीचे हे इंजिन. पंचाहत्तरीच्या समारंभात ते चालवायचे असे मंडळाने परस्पर जाहीर करून टाकले. इंजिन पूर्ण होते, फक्त उजव्या बाजूची जोडदांडी बाकी होती. चाकांना एकमेकांशी जोडणारी ही दांडी मोहरीच्या दाण्याएवढ्या डोक्याच्या पोलादी खिळ्यांनी बसवतात. डावी बाजू डॉक्टरांनी हात बरा असताना बसवली होती. उजवीची शेवटची खिळी त्यांना बसवता येत नव्हती, आणि ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हते.

गजूभाऊंनी उपाय काढला. “सर आंघोळीले गेले का बसवून टाकू. दोन मिन्टाचं काम. त्यायले काय समजते?”

मी नको म्हणाले नाही. समारंभ जवळ आला होता, आणि इंजिन अर्धवट राहिले तर डॉक्टर त्या दिवशी कुठे पाहतील, हाच विचार माझ्या डोक्यात घोळत होता. काकू आतून बाहेर आल्या.

“काहून गा गजू? यायले लोकाइच्या कवळ्या रस्त्यावरून ओळखू येते, अन् स्वतःचं इंजिन ओळखू येनार नाई? अन् वर्षा, तू मास्तरीन ना वं? तूबी चूप बसून राहिली!”

त्यानंतरच्या रविवारी सकाळी डॉक्टरांनी मला बोलावून घेतले. इंजिन टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पक्के धरलेले होते. त्यांनी चिमट्यात खिळी घेतली, अनामिका व्हाइसवर टेकवली. खिळी भोकाच्या भोवती फिरत राहिली आणि पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती जमिनीवर गेली. मी लोहचुंबक घेऊन फरशीवर शोधत असताना ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी खिळी त्यांच्यापुढे धरली तेव्हा म्हणाले, “तू बसव. आणि पुस्तकात लिही, की वर्षानं बसवली.”

मी बसले. चिमट्यात खिळी घेतली. कोणाचे काम आपण पुरे करतो आहोत की काढून घेतो आहोत, हे मला ठरवता येईना. खिळी भोकाशी नेली तोच मागून आवाज आला.

“हात हवेत आहे. टेका कुठाय?”

मग त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिले, व्हाइसकडे पाहिले. पुढे वाकून त्यांनी व्हाइस सैल केला, इंजिन काढले आणि माझ्या हातात दिले. “धर.” चिमटा स्वतः घेतला आणि अनामिका माझ्या अंगठ्यावर टेकवली. त्यांचा कंप माझ्या हातात आला. मी तो थांबवायला अंगठा ताठ केला.

“घट्ट धरू नकोस. व्हाइसही घट्टच होता. मी हललो की तूही हल. आता पेशंट तू.”

मी हात सैल सोडला. त्यांचे बोट हलले तसा माझा अंगठा हलला, अंगठ्यासोबत इंजिन, आणि इंजिनासोबत ते भोक. दोन्ही हात थरथरत होते, पण एकाच तालात, आणि खिळीचे टोक भोकासमोर स्थिर दिसत होते. ती आत गेली. 

काकू दारात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. “काहून चूप झाले दोघं? बसली का?”

“बसली,” डॉक्टर म्हणाले.

“कोनं बसवली?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, “सरांनी. मी नुसतं धरलं होतं.” हे वाक्य मी तेव्हापासून अनेकदा तपासले आहे. ते खरे आहे.

हा लेख छापायला जात आहे तेव्हा इंजिन अजून चाललेले नाही. बनवणाऱ्याने आपले इंजिन पहिल्यांदा स्वतः चालवायचे नाही, ते दुसऱ्याच्या हातून सुटले पाहिजे, असा डॉक्टरांचा रिवाज आहे. या वेळी बटण काकू फिरवतील. “मले नाई जमत. अडकलं-गिडकलं तं?” असे त्या आम्हाला रोज विचारतात, आणि मी त्यांना रोज धीर देते. खरे सांगायचे तर धीर मलाही नाही. दोन्ही बाजूंच्या दांड्यांच्या खिळ्या चाकांवर एकमेकींशी काटकोनात असाव्या लागतात. त्यात केसाएवढा फरक पडला तरी चाक अडते, आणि बोटाने फिरवून पाहताना मला एका जागी किंचित अडल्यासारखे वाटले. डॉक्टर म्हणतात, तो भास आहे. ते मला बरे वाटावे म्हणून म्हणतात का, हे मला ठाऊक नाही.

डॉक्टर, आपल्याला भरपूर आयुष्य मिळो, आणि ते या टेबलाशी बसून, काकूंच्या हाका ऐकत, आमचे हवेतले हात धरून खाली टेकवत जावो. प्रकृती सांभाळा, औषधे वेळेवर घ्या, आणि पुढचे इंजिन कोणते ते लवकर सांगा, म्हणजे मला आकड्यांची काळजी आतापासून करता येईल. समारंभात काकू बटण फिरवतील तेव्हा मी टेबलाच्या उजव्या बाजूला उभी असेन. चाक अडले तर माझ्याकडे फक्त हात करा. टेकायला माझा अंगठा तिथेच असेल.