पप्पांचं हृदय बंद असताना

माझ्या पप्पांचं हृदय बंद केलं होतं, तेव्हा त्यांना सांभाळणारी बाई काल गेली.

डॉ. ग्रेस. आमच्या जवळच्या वटार गावच्या. हार्ट सर्जरीत भूल द्यायच्या.

पप्पांचा वालीवला लेथचा छोटा कारखाना. बायपास ठरली आणि हे अडून बसले.
"कापा खुशाल. पण भूल नको. उठलोच नाही तर?"

मी वॉर्डात सिस्टरवर आवाज चढवला. डोकं माझं, माहितीये तुम्हाला.

मागून कोणीतरी म्हणालं, "भूल मी देणार आहे. भांडायचं तर माझ्याशी भांड."

"सर्जनना बोलवा. भूल देणाऱ्यांशी काय बोलायचं?"

त्या हसल्या. "सर्जनचं लक्ष हृदयावर. बाकी अख्खा माणूस माझ्याकडे असतो."

मग मी सुटलोच.
हृदय बंद, तर रक्त कसं फिरतं? मशीन फिरवतं.
किती वर्षं शिकलात? एमबीबीएस, मग भुलीत एमडी, मग फक्त हृदयाच्या भुलीसाठी आणखी तीन वर्षं.

"कंटाळा नाही आला?"
"रोज यायचा. तू काय शिकतोस?"
"सोडलं. सेकंड इयरला भांडण झालं."
"सरांशी?"
"आधी एका मुलीशी."
"आता बोलते?"
"नाही."
"मग सरांशी तरी मिटव."

त्या मुलीत जीव अडकलाय अजून, म्हणून विचारलंच. हृदय बंद करून चालू केलं की आत माणूस तोच राहतो?

"उठल्यावर पप्पांनाच विचार."

मग त्या पप्पांच्या बेडवर बसल्या.
"लेथ चालू असताना बेअरिंग बदलता का हो?"
"वेडबीड लागलंय का बाई? हात जाईल."
"मग मला का सांगता, जागेपणी कापा म्हणून?"

पप्पांनी उशाजवळचा चष्मा चढवला.
मग म्हणाले, "सही कुठे करू?"

ऑपरेशननंतर पप्पा शुद्धीवर आले, घशातली नळी निघाली. घोगऱ्या आवाजात पहिलं काय बोलले? "ही जेवली का?"
मम्मी रडायला लागली. मला उत्तर मिळालं.

आज वटारच्या चर्चमध्ये डॉक्टरांसाठी मिस्साची प्रार्थना झाली. नंतर आवारात पप्पा चार अनोळखी लोकांना हृदय कसं बंद करतात ते समजावत होते. "आधी लाइन बाहेरच्या पंपावर घ्यायची. मग मेन मोटर बंद."

ऐकणारे डॉक्टरांचे ज्युनिअर होते. तरी माना डोलावत होते.
एकाने फक्त विचारलं, "आणि परत चालू कशी करायची, काका?"

पप्पांनी चर्चच्या दाराकडे पाहिलं.
"ते बाईंना विचारायचं राहिलं."

डॉक्टर, नीट जा.