कातळ आतून ओला होता

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर मुलांच्या लांब उड्या घेत होतो. "दुकानात मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता खुर्चीतच गेला," त्याचा चुलतभाऊ सांगत होता. मी "अरेरे" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि शिट्टी वाजवली. पुढची उडी झाली, त्याच्या पुढचीही झाली... त्याला आता दीड महिना होऊन गेला.

आष्टीला पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. रविवारी मात्र तो आमच्या चढाईच्या गटासोबत बालाघाटातल्या कड्यांवर असायचा. दोर माझे, शिकवणं माझं, पण त्या दिवशी चढायचं की नाही हे दत्ता ठरवायचा. कुठल्या फटीतून पाणी झिरपतंय, काळ्या दगडात मुरमाचा लाल पट्टा कुठे आलाय, हे तो आधी खालून बघायचा. मग हातोडीने दगड वाजवून कान लावायचा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला की आम्ही दुसरी वाट धरायचो. पावसानंतर दोन दिवस कड्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, आदल्या दिवशी पाऊस होऊन सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. बाहेरगावचे पाहुणे आले होते आणि मला त्यांना चढून दाखवायचं होतं. दत्ताने मला बाजूला घेतलं. "वरून वाळलाय, आतून न्हाई. आज नको बे."

"तुझं दरवेळी काहीतरी असतंच. तू खाली दोर धर."

त्याने मुकाट्याने दोर धरला. तीस फुटांवर मी धरलेला धोंडाच उपसून आला. मी दोरावर लोंबकळलो, धोंडा खाली गेला. दत्ताला बाजूला उडी मारता आली असती, पण मग मी सुटलो असतो. तो हलला नाही. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं चिरडली. उजव्या हाताने त्याने मला सावकाश जमिनीवर उतरवलं आणि मगच तो खाली बसला.

दवाखान्यात गटातल्या कुणीतरी विचारलं, "दगड कुणी बघितला होता?" मी म्हणालो, "नेहमी दत्ताच बघतो." त्यातला एक शब्दही खोटा नव्हता... दत्ता समोरच्या खाटेवर जागा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

दत्ताचा अंदाज चुकला, असं मग सगळे धरूनच चालले. त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. मीही नाही. गेल्या उन्हाळ्यात एकदा दुकानावर गेलो, तर वाकड्या बोटांनी तांब्याची तार गुंडाळत तो हसला. "कावून आलास बे इतक्या दिवसांनी?" मी "सहज" म्हणालो. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. चहा प्यायलो आणि परत आलो.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. "एक विचारू, भाऊजी? ह्यांचा अंदाज खरंच चुकलता का?"

"नाही, वहिनी. तो नको म्हणाला होता. मी ऐकलं नाही. आणि नंतर कुणाला सांगितलंही नाही."

त्यांनी माझ्यासमोरचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मला म्हणले, माझंच चुकलं. शेवटपर्यंत तेच म्हणत ऱ्हायले."

मला मान वर करता येईना. सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. वहिनी उठून उंबऱ्यात गेल्या, चौकटीला हात टेकवून त्यांनी मावळतीकडे निरखून पाहिलं. "घराबाहेर पडायच्या आधी हे असंच बघायचे. आता आमी बी बघतो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "निघा आता, भाऊजी. पाऊस यायलाय."

मी लगेच उठलो.